लहान मुलांना स्कॅनसाठी झोपवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआरआय किंवा सीटीची चिठ्ठी हातात पडली की पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. साध्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, अपवाद पुढे आहेत. औषधांचे आणि तासांचे आकडे दिले आहेत ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. घरी मात्रा ठरवण्यासाठी ते नाहीत.

१. झोपवायलाच का लागतं? आम्ही दोघं घट्ट धरून ठेवू की!

सीटीला कधीकधी तेवढ्यावर भागतं, एमआरआयला भागत नाही. एमआरआयमध्ये चित्रांचा एकेक संच तयार व्हायला काही मिनिटं लागतात आणि मेंदूच्या साध्या तपासणीतही असे अनेक संच घेतात. एकूण वेळ २० ते ४५ मिनिटं, मणका किंवा कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) असेल तर त्याहून जास्त. एका संचाच्या चौथ्या मिनिटाला डोकं काही मिलिमीटर हललं तरी तो पूर्ण संच अस्पष्ट होतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. त्यात मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. धरून ठेवलेलं मूल रडतं, आणि रडणाऱ्या मुलाचं डोकं कितीही धरा, हलतंच.

२. कोणत्या तपासणीला औषध लागतं, कोणत्या तपासणीला नाही?

सोनोग्राफी आणि एक्स-रेला लागत नाही. टाळू भरलेली नसेल तर मेंदूची प्राथमिक तपासणी टाळूवरून सोनोग्राफीनेही होते, आणि काही वेळा तेवढीच पुरते.

आताच्या मशीनवर डोक्याचं सीटी काही सेकंदांत उरकतं. दुपट्यात गुंडाळलेलं, पोट भरलेलं किंवा नुकतंच झोपलेलं बाळ त्यासाठी पुरेसं शांत असतं. साध्या सीटीसाठी कुणी सरसकट झोपेचं औषध देत असेल, तर ‘औषधाशिवाय एकदा प्रयत्न करू या का?’ असं जरूर विचारा.

मूत्रपिंडाच्या डीएमएसए स्कॅनला वेळ लागतो, पण पट्टे, वाळूच्या पिशव्या आणि मोबाइलवरची गाणी यांवर बहुतेक वेळा काम होतं. शंट (मेंदूतलं जादा पाणी काढून टाकणारी नळी) बसवलेल्या मुलांचा फक्त पाण्याचा साठा बघायचा असेल, तर काही ठिकाणी दोन-तीन मिनिटांचा झटपट एमआरआय करतात. त्याला औषध लागत नाही. आहे का, ते विचारा.

उरतो पूर्ण एमआरआय. साधारण चार महिने ते सहा वर्षं या वयात त्यासाठी बहुतेक मुलांना झोपवावं लागतं.

ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) आणि बेरा (ऐकण्याची तपासणी) या स्कॅन नाहीत, पण त्यांची चिठ्ठी अनेकदा सोबतच येते. त्यांनाही झोप लागते, मात्र ईईजीत औषधाने लहरी बदलू शकतात. म्हणून तिथे शक्यतो नैसर्गिक झोपच बरी.

३. ‘गुंगी’ आणि ‘भूल’ एकच का?

एकाच उताराच्या या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. हलक्या गुंगीत मूल पेंगतं, हाक मारली की डोळे उघडतं. मध्यम गुंगीत हाकेला किंवा हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देतं. गाढ गुंगीत चिमटा काढल्यावरच हलतं, आणि इथून पुढे श्वासाची वाट आपोआप मोकळी राहील याची खात्री नसते. पूर्ण भुलीत प्रतिसादच नसतो.

अडचण अशी की मूल कोणत्या पायरीवर थांबेल हे औषध देणाऱ्याच्या हातात पूर्णपणे नसतं. दोन मुलांचं वजन सारखं, औषध सारखं, तरी एक नुसतं पेंगतं आणि दुसरं गाढ गुंगीत जातं. ‘फक्त थोडी गुंगी देणार आहोत’ हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. एक पायरी खाली घसरलेल्या मुलाला सांभाळायची तयारी तिथे आहे का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर कसं काढायचं ते प्रश्न ११ मध्ये.

४. बाळ दोन महिन्यांचं आहे. इतक्या लहान बाळालाही औषध द्यायचं?

साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत आधी ‘पाजून गुंडाळणं’ करून बघतात आणि ते पुष्कळदा जमतं. पद्धत अशी: ठरलेल्या वेळेआधी तीन-चार तास दूध द्यायचं नाही आणि वाटेत बाळाला झोपू द्यायचं नाही. केंद्रात पोचल्यावर आधी लंगोट बदलायचा आणि धातूची वस्तू राहिली नाही ना ते बघायचं. मशीन मोकळं होण्याआधी साधारण अर्धा तास पोटभर पाजायचं, ढेकर काढायचा, कानात बोळे आणि वर आवाजरोधक कप लावायचे, मग दुपट्यात हात आत घेऊन घट्ट गुंडाळायचं. दिवे मंद करून बाळ झोपलं की मगच टेबलावर.

फसतं ते बहुधा वेळेमुळे. आधीच्या रुग्णाची तपासणी लांबते आणि बाळ पिऊन, झोपून, पुन्हा जागंही होतं. म्हणून पाजायला सुरुवात करण्याआधी तंत्रज्ञाला ‘मशीन नक्की किती वाजता मोकळं होणार?’ हे विचारा.

एक सावधगिरी: ‘पाजून नाही जमलं तर लगेच भूल देऊ’ असं त्याच दिवशी चालत नाही. पोट भरलेलं असतं. त्यासाठी प्रश्न ६ मधले तास नव्याने मोजावे लागतात.

५. मुलगी पाच वर्षांची आहे, समंजस आहे. औषधाशिवाय जमेल?

प्रयत्न करण्यासारखा आहे. आठवडाभर आधीपासून घरी टेबलाखाली चादर टाकून बोगदा करा. ‘पुतळा’ खेळा: आधी एक मिनिट, मग तीन, मग पाच. एमआरआयचे आवाज मोबाइलवर ऐकवा, आधी हळू, मग मोठ्याने. ‘काही होणार नाही’ यापेक्षा ‘खूप मोठा ठक-ठक आवाज येईल, पण दुखणार नाही’ हे सांगणं जास्त उपयोगी. कॉन्ट्रास्ट द्यायचा असेल तर सुई टोचणार हे लपवू नका. ते आत कळलं की मूल पुढचं काहीच ऐकत नाही.

गोष्ट ऐकवायची सोय किंवा आरशातून दिसणारा पडदा काही केंद्रांत असतो. नसेल तर आई किंवा बाबांनी पायाला हात लावून बसणं, यावरही पुष्कळ मुलं निभावतात.

६. किती तास उपाशी ठेवायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतं.

गुंगीत घशाचं संरक्षण ढिलं पडतं. पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून पोट रिकामं हवं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा हिशेब असा:

पाणी आणि आरपार दिसणारी पेयं २ तास आधीपर्यंत. आईचं दूध ४ तास आधीपर्यंत. गाय-म्हशीचं दूध, डब्यातलं दूध, वरण-भात, बिस्कीट, फळ ६ तास आधीपर्यंत. तळकट किंवा जड जेवण असेल तर ८ तास.

युरोपातल्या भूलतज्ज्ञ संघटनेने २०२२ मध्ये हे तास कमी केले: पाणी १, आईचं दूध ३, डब्यातलं दूध ४, जेवण ६. वेगवेगळी उत्तरं मिळतात ती यामुळे. तुम्हाला जिथे तपासणी करायची आहे तिथले तास पाळा. दोन यादींतलं सोयीचं तेवढं उचलू नका.

आरपार म्हणजे पेल्यातून पलीकडची छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत. साधं पाणी, साखरपाणी, ग्लुकोजचं पाणी चालतं. ताक, पेज, डाळीचं पाणी, चहा-दूध, गराचा रस चालत नाही. पेज पातळ असली तरी ती अन्नच.

सकाळी ९ ची वेळ असेल तर घड्याळ असं लागतं: शेवटचं जेवण किंवा वरचं दूध रात्री ३ च्या आत, म्हणजे व्यवहारात रात्रीचं उशिराचं जेवण. अंगावरचं दूध पहाटे ५ पर्यंत. साखरपाणी सकाळी ७ पर्यंत, आणि ते मुद्दाम उठवून द्या. ‘रात्री बारानंतर काहीच नाही’ हा जुना सरसकट नियम लहान मुलांना जाचक आहे. तहानलेलं मूल चिडतं, शीर सापडत नाही, आणि तान्ह्यांची साखर खाली येते. वर्षाच्या आतल्या मुलासाठी सकाळची पहिलीच वेळ मागा. वेळ पुढे ढकलली गेली तर ‘आता पाणी देऊ का?’ हे विचारत राहा.

७. आजीने नकळत अर्धं बिस्कीट दिलं. सांगायचं का?

हो, आणि नेमकी वेळ सांगायची. वाईटात वाईट म्हणजे तपासणी काही तास पुढे जाईल. लपवलं तर मात्र औषध देणाऱ्याला भलतीच खात्री वाटत राहते. प्रवासात भावंडांचा खाऊ मुलाच्या नजरेआड ठेवा. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

८. कोणकोणती औषधं देतात?

तपासणी किती लांब, मूल किती मोठं आणि तिथे भूलतज्ज्ञ आहे की नाही, यावर निवड ठरते.

ट्रायक्लोफॉसचं सिरप आपल्याकडे जुनं आणि सर्वात परिचित. नेहमीची मात्रा किलोमागे ५० ते ७५ मिलिग्रॅम. अर्ध्या-पाऊण तासात झोप लागते, पण सगळ्यांनाच लागत नाही. चव वाईट, म्हणून मुलं थुंकतात. त्याचा अंमल तासन्तास टिकतो. सोय आणि धोका दोन्ही त्यातच आहे (प्रश्न ९ आणि २० पाहा).

मिडॅझोलम तोंडाने किलोमागे अर्धा मिलिग्रॅम किंवा नाकात फवारून देतात. भीती कमी होते, आठवण पुसली जाते, पण ४० मिनिटांचा एमआरआय एकट्या मिडॅझोलमवर होणं कठीण. नाकात ते झोंबतं. काही मुलं उलट बिथरतात, रडतात, ओरडतात. तो मुलाचा हट्ट नसतो, औषधाची उलटी प्रतिक्रिया असते.

डेक्समेडेटोमिडीन अलीकडे बरंच वापरात आलं आहे. नाकात किलोमागे २ ते ४ मायक्रोग्रॅम. झोंबत नाही, झोप नैसर्गिक झोपेसारखी दिसते आणि श्वासावर परिणाम फार कमी होतो. मात्र अंमल चढायला २५ ते ४५ मिनिटं लागतात आणि नाडी मंदावते. हृदयाची लय बिघडलेल्या मुलांत म्हणून जपून. आवाजाने मूल चाळवू शकतं.

केटामाइनने श्वास बहुधा टिकून राहतो आणि वेदनाही जाते. पण लाळ सुटते, उलट्या होतात, उठताना मूल भेदरल्यासारखं वागतं. स्कॅनमध्ये वेदना नसते, त्यामुळे इथे ते पहिली पसंती नसतं.

प्रोपोफॉल शिरेतून देतात. अर्ध्या-एक मिनिटात झोप, बंद केल्यावर बहुतेक मुलं १०-१५ मिनिटांत जागी. एमआरआयसाठी अगदी सोयीचं, पण जास्त झालं की श्वास थांबतो, आणि पुरेसं व जास्त यांतलं अंतर थोडं. हे देणारी व्यक्ती भूलतज्ज्ञच, किंवा तितक्याच तयारीची हवी. काही ठिकाणी मास्कमधून सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वायूचा वास देऊन झोपवतात आणि सुई नंतर लावतात. सुईला घाबरणाऱ्या मुलांना ते बरं पडतं.

सुई आधीच लावायची असेल तर हाताच्या मागच्या बाजूला बधिर करणारं मलम साधारण तासभर आधी लावून घ्या. ऐनवेळी लावलेल्या मलमाचा उपयोग नाही.

९. झोपेचं सिरप घरीच पाजून निघालो तर पोचेपर्यंत झोपेल. चालेल?

नाही. हा एक सल्ला तरी इथून घेऊन जा.

गाडीत सीटवर झोपलेल्या लहान मुलाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते. जागं मूल मान उचलतं, साध्या झोपेतलं मूल चुळबुळतं, औषधाच्या झोपेतलं मूल दोन्ही करत नाही. पुढे बसलेल्याला वाटतं, छान झोपलंय. घरी किंवा वाटेत दिलेल्या अशा औषधांनी मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं (शेवटची सुधारणा २०१९) म्हणूनच गुंगीचं औषध देखरेखीबाहेर देऊ नका असं स्पष्ट सांगतात.

दुसरा घोळ मापाचा. या सिरपच्या ५ मिलीत सहसा ५०० मिलिग्रॅम असतात, आणि घरातला प्रत्येक चमचा ५ मिलीचा नसतो. मुलाने थोडं थुंकलं, मग ‘अजून थोडं’ पाजलं, की पोटात किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. केंद्राने बाटली हातात देऊन ‘घरी पाजून आणा’ म्हटलं, तर ‘तिथे पोचल्यावर तुमच्यासमोर देऊ’ असं ठामपणे सांगा.

१०. सर्दी आहे. तारीख बदलू का?

नाक पातळ वाहतंय, ताप नाही, खेळतंय, जेवतंय: फोन करून सांगा, बहुधा या म्हणतील. ताप, ओला खोकला, पिवळा-हिरवा शेंबूड, छातीत घरघर किंवा मलूलपणा असेल तर तारीख पुढे घ्या. साध्या सर्दी-खोकल्यानंतर दोन ते चार आठवडे थांबतात, छातीत कफ साठून दवाखान्यात राहावं लागलं असेल तर सहा आठवड्यांपर्यंत.

कारण असं की सर्दी गेली तरी श्वासमार्ग काही आठवडे चिडलेला असतो. गुंगीत लाळेचा थेंब स्वरयंत्रावर पडला की ते आवळून बंद होतं, हवा आतच जात नाही. तपासणी तातडीची असेल तर हा धोका पत्करूनही करतात, पण मग भूलतज्ज्ञाच्या हाताखालीच.

११. केंद्र चांगलं आहे हे कसं ओळखायचं? काय विचारायचं?

मशीन १.५ टेस्लाचं की ३ टेस्लाचं (म्हणजे चुंबक किती ताकदीचं), हे पालक हमखास विचारतात. त्याआधी हे विचारा:

‘माझ्या मुलाकडे बघण्याशिवाय दुसरं कोणतंही काम नसलेली व्यक्ती कोण असेल?’ तंत्रज्ञ चित्रं बघत असतो, डॉक्टर अहवाल लिहीत असतात. तिसरी व्यक्ती हवी, आणि लहान मुलाचा श्वास अडला तर मास्क-पिशवीने श्वास देता येणारी हवी.

‘आत काय मोजलं जातं?’ बोटावरचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र, नाडी, रक्तदाब एवढं तर हवंच. त्याशिवाय उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी असेल तर उत्तम. श्वास थांबला की नळीवर ते लगेच दिसतं. बोटावरचा आकडा पडायला वेळ लागतो, आणि ऑक्सिजन नाकाला लावलेला असेल तर तो आणखी उशिरा पडतो. लहान मुलाचं शरीर वजनाच्या मानाने प्रौढाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन वापरतं आणि फुप्फुसांतला साठा कमी असतो. आकडा एकदा घसरायला लागला की हाताशी फार वेळ नसतो.

‘ही यंत्रं एमआरआयच्या खोलीत चालणारी आहेत का?’ साधं यंत्र आत नेता येत नाही. ‘खोलीबाहेर यंत्र आहे, तपासणी झाली की लावू’ हे उत्तर पुरेसं नाही. बोगद्यात मूल दिसत नाही आणि आवाजात त्याचा श्वास ऐकू येत नाही.

‘मुलांच्या मापाचे मास्क, लाळ ओढणारं यंत्र, ऑक्सिजन हाताशी आहे का? काही झालं तर कुठे नेणार?’ स्वतंत्र स्कॅन केंद्रात हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. गुंतागुंतीच्या मुलाची तपासणी (प्रश्न १६) आयसीयू असलेल्या रुग्णालयातच करा, भाव जास्त असला तरी.

औषधापूर्वी त्याच दिवशी मुलाचं वजन केलं नाही, तर तुम्हीच वजनकाटा मागा. मागच्या महिन्याच्या फाईलवरचं वजन चालत नाही.

१२. काळा दोरा, चांदीचे वाळे, काजळ: काय काय काढायचं?

सगळं. करदोटा, वाळे, मनगट्या, पैंजण, ताईत, बाळी, केसांतली क्लिप, सेफ्टी पिन. ‘चांदीला चुंबक ओढत नाही’ हे खरं असलं तरी दागिन्याचे आकडे, फिरकी, साखळीतली कडी कुठल्या मिश्रधातूची हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय कुठलाही धातू तापतो आणि चित्रावर काळा डाग पाडतो. ताईत हमखास राहून जातो, कारण तो कपड्याखाली असतो आणि आत पत्रा असतो. मनाला लागत असेल तर नुसता सुती दोरा बांधा, पण तंत्रज्ञाला दाखवून.

काजळ आणि तीट आदल्या रात्रीच पुसा. काही काजळांत धातूचे कण असतात आणि डोळ्यांभोवतीचं चित्र बिघडतं. जरीचं अंगडं, चेनचं जॅकेट नको. नखं रंगवलेली नकोत, बोटावरच्या यंत्राला अडचण होते.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), हृदयात बसवलेलं उपकरण, शंट यांची माहिती तारीख घेतानाच द्या आणि कार्ड सोबत आणा. बाहेरून चुंबकाने बदलता येणाऱ्या शंटची सेटिंग एमआरआयनंतर पुन्हा तपासून घ्यावी लागते. ती मशीनमुळे बदलू शकते.

आत जाणाऱ्या नातेवाइकांनाही हेच नियम. मशीन बंद दिसलं तरी चुंबक चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, ओढला गेला आणि दगावला.

१३. आई आत थांबू शकते का?

झोप लागेपर्यंत बहुतेक ठिकाणी हो. एमआरआय सुरू असताना थांबायचं असेल तर कानाला संरक्षण लावून, धातू उतरवून. सीटीच्या खोलीत किरणोत्सर्ग असतो, तिथे शक्यतो बाहेर थांबा. गरोदर असाल तर दोन्ही ठिकाणी आधी सांगा आणि दुसऱ्या कुणाला पाठवा. प्रोपोफॉलने डोळे अर्धवट उघडे राहून मूल एकदम सैल पडतं. ते बघून घाबरू नका.

१४. सही मामाने किंवा आजीने केली तर चालेल?

संमतीपत्रावर आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची सही लागते. गुंगीची संमती तपासणीच्या संमतीपेक्षा वेगळी असते. नवरा-बायको दोघंही कामावर आणि मूल आत्यासोबत, अशाने तारीख वाया जाते.

१५. औषध लागूच पडलं नाही, किंवा मध्येच उठलं तर?

मध्येच उठलं तर तपासणी थांबवून टेबल बाहेर काढतात. शिरेतलं औषध चालू असेल तर मात्रा वाढवून पुढे जाता येतं. तोंडाने दिलेलं औषध लागू पडलं नसेल तर गोष्ट वेगळी. मूल जागं आहे याचा अर्थ औषध अंगात नाही असा होत नाही. वर दुसरं, मग तिसरं औषध घातलं, की आवाज आणि हालचाल थांबल्याक्षणी सगळी एकदम अंमल दाखवतात. स्कॅन संपून खोली शांत होते, तो क्षण म्हणूनच सर्वात जपण्याचा असतो.

पहिला प्रयत्न फसला की तारीख बदलून भूलतज्ज्ञाकडून करून घेणं हे अपयश नाही. ‘एवढ्या लांबून आलोय, आजच करा’ असा आग्रह धरू नका. औषध ओकलं तरी पूर्ण मात्रा पुन्हा देत नाहीत. किती वेळाने ओकलं ते बघून डॉक्टर ठरवतात.

आदल्या रात्री जागवण्याबद्दलही विचारणा असते. ईईजी, किंवा सिरपवर होणारी तपासणी असेल तर तास-दोन तास उशिरा झोपवून लवकर उठवणं उपयोगी. शिरेतून औषध देणार असतील तर गरज नाही.

१६. फिट येतात / घोरतो / हृदयाचा आजार आहे / कमी दिवसांचा जन्म आहे. वेगळी काळजी लागते का?

लागते, आणि ही माहिती तारीख घेतानाच द्यायची.

*फिट:* रोजची गोळी किंवा सिरप चुकवायचं नाही, उपास असला तरी. थोड्या पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी द्या. औषध चुकल्यामुळे टेबलावर फिट येणं, हे टाळता येण्यासारखं संकट आहे.

*घोरणं:* रोज रात्री घोरतं, झोपेत श्वास अडून दचकतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, असं असेल तर टॉन्सिल-ॲडेनॉइड मोठे असू शकतात. गुंगीत हेच अडथळे पूर्ण बंद होतात. खालचा जबडा लहान असलेली मुलं आणि डाउन सिंड्रोमची मुलं याच गटात. यांना नुसत्या सिरपवर झोपवू नये.

*डोक्यातला दाब वाढलेला असणं* (सकाळच्या उलट्या, वाढती सुस्ती, टाळू फुगणं): गुंगीत श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि दाब आणखी वाढतो. इथे श्वासावर पूर्ण ताबा ठेवून भूल देतात.

*छातीत गाठ:* आडवं झोपल्यावर दम लागत असेल तर ते आवर्जून सांगा. अशी मुलं बसून ठीक दिसतात आणि आडवी करून झोपवली की श्वासनलिका दबते.

*कमी दिवसांचं बाळ:* गर्भातले आठवडे आणि जन्मानंतरचे आठवडे मिळवा. ३० आठवड्यांनी जन्मलेलं बाळ आज २० आठवड्यांचं असेल तर बेरीज ५०. ही बेरीज ६० च्या आत असेल तर भुलीनंतर श्वास मध्येच थांबण्याची शक्यता असते. म्हणून रात्रभर दाखल करून नजर ठेवतात. ‘संध्याकाळी सोडा’ म्हणू नका.

*सिकलसेल* (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार): गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत हा प्रश्न खरा आहे. अशा मुलाला कोरडं पडू देणं, थंडी वाजणं आणि ऑक्सिजन कमी होणं, तिन्ही गोष्टी त्रास उठवू शकतात. एमआरआयची खोली गार असते. उपासाच्या काळात सलाईन, अंगावर उबदार पांघरूण आणि पहिलीच वेळ मागून घ्या.

*स्वमग्नता (ऑटिझम):* गर्दीत तासभर बसवणं हाच निम्मा त्रास. गाडीत थांबून फोन आल्यावर आत जाण्याची मुभा मागा. आवडती वस्तू न्या, पण धातू नसलेली.

१७. अंड्याची ॲलर्जी आहे. प्रोपोफॉल चालेल?

बहुतेक मुलांना चालतं. ॲलर्जी सहसा अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांची असते, औषधात असतं ते बलकातलं लेसिथिन. अंडं खाऊन घसा सुजला, श्वास लागला असं पूर्वी झालं असेल तर सांगा. मग दुसरं औषध निवडता येतं.

१८. परवाच लस दिली. तपासणी पुढे ढकलू?

तातडी नसेल तर डीपीटीसारख्या लसीनंतर किमान दोन दिवस जाऊ द्या. लस आणि भूल यांचं भांडण आहे म्हणून नव्हे. ताप आला तर तो लसीचा की संसर्गाचा, हे कळत नाही म्हणून.

१९. या औषधांनी बुद्धीवर परिणाम होतो का?

ही भीती कुठून आली ते आधी. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दीर्घ भुलीने वाढत्या मेंदूतल्या पेशींना इजा दिसली. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला, तो तीन वर्षांखालील मुलांत तीन तासांपेक्षा लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल.

दुसरी बाजू: तान्ह्या बाळांत तासाभराच्या आतली भूल आणि जागेपणी कमरेतून बधिर करणं यांची तुलना करणारा गॅस नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. २०१९ मध्ये त्याचे पाच वर्षांच्या वयाचे निष्कर्ष आले आणि बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. म्हणजे गरजेच्या एका एमआरआयसाठी ही भीती बाळगू नये. वर्षात चार वेळा तपासणी लागणार असेल तर मात्र ‘दोन तपासण्या एकाच भुलीत होतील का?’ हे विचारणं रास्त आहे. मेंदू आणि मणका एकदमच करून घेता येतात, सोबत रक्ताचे नमुनेही. कॉन्ट्रास्ट लागणार असेल तर तेही आधीच ठरवा. ‘कॉन्ट्रास्टसाठी पुन्हा या’ म्हणजे पुन्हा उपास, पुन्हा भूल.

२०. घरी कधी सोडतात? घरी काय बघायचं?

मूल स्वतःहून जागं राहतंय, वयाप्रमाणे मान धरतंय किंवा बसतंय, ओळखीचं बोलतंय आणि ऑक्सिजन लावल्याशिवाय आकडा तपासणीपूर्वीइतका आहे, तेव्हा. नुसतं ‘डोळे उघडले’ पुरेसं नाही. सिरप दिलेलं मूल हलवल्यावर उठतं आणि शांत झालं की पुन्हा गाढ झोपतं. त्याला जास्त वेळ थांबवून घ्या.

परतीच्या प्रवासात दोन मोठी माणसं हवीत: एक गाडी चालवायला, एक फक्त मुलाकडे बघायला. दुचाकीवर नेऊ नका. एसटीत मांडीवर घेतलं तर हनुवटी छातीपासून सुटी राहील असं धरा.

घरी आल्यावर झोळीत घालू नका. झोळीत पाठ वाकते, मान पुढे येते, आणि प्रश्न ९ मध्ये सांगितलेली तीच अडचण होते. सपाट गादीवर, कुशीवर, उशी न देता, उजेडात, नजरेसमोर. दर अर्ध्या तासाने हाक मारून चाळवतंय का बघा.

आधी घोटभर पाणी, राहिलं तर पातळ काही, मग जेवण. अंगावरचं दूध मूल नीट जागं झालं की लगेच चालतं. एखाद-दुसरी उलटी होते. पुढचे २४ तास सायकल, जिना, गच्ची, पोहणं आणि एकट्याने अंघोळ बंद. तोल जातो.

ओठ किंवा नखं निळसर, श्वासाला घरघर किंवा छाती आत ओढली जाणं, हलवूनही न उठणं: यातलं काहीही दिसलं तर मुलाला कुशीवर घ्या, हनुवटी हलकेच वर करा आणि १०८ ला फोन करा. तीनपेक्षा जास्त उलट्या, १०१ च्या वर ताप, किंवा सुईच्या जागी सूज असेल तर केंद्राच्या नंबरवर. तो नंबर निघतानाच मोबाइलमध्ये घालून घ्या, आणि रात्री कोण उचलतं तेही विचारा.